अर्ध्या कॅरेटचा हट्ट सुटला तेव्हा : सांगलीतल्या एका साखरपुड्याच्या अंगठीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट आमच्याच घरातली, म्हणून माणसांची नावं घालत नाही आणि दुकानांचीही नाही. मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ, घरात सगळे त्याला धाकटा म्हणतात, इथंही धाकटाच म्हणू. कुपवाड एमआयडीसीत नोकरी, पगार ठीकठाक, कर्ज फक्त बाईकचं. मुलगी मिरजेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, दिवसभर हातात ग्लोव्ह्ज. दोघांचं जमलं एप्रिल २०२५ मध्ये, साखरपुडा ठरला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आणि अंगठी घ्यायला हातात राहिले अठरा दिवस.

आमच्याकडं आजवर साखरपुड्याला सोन्याचीच अंगठी, पाच ग्रॅमची घ्यायची आणि मोकळं व्हायचं. हिरा म्हणजे आजीच्या नाकातल्या चमकीत असतो तेवढाच माहीत. हिऱ्याची अंगठी हे धाकट्याच्या मनातलं, मुलीनं मागितली नव्हती. बजेट त्यानं स्वतःच ठरवलेलं, सगळं धरून १ लाख २५ हजार, आणि यातला एक रुपया पण आईबाबांकडून घेणार नाही म्हणाला.

मी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात बिलं बघण्याचं काम करते, त्यामुळं "ताई तू चल, तुला कागद कळतात" असं म्हणून मला बरोबर घेतलं. दुसरे बरोबर आले आमचे मामा. मामा विट्याकडचे, त्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत, मामांनीही तीस वर्षं तमिळनाडूत सोन्या-चांदीची आटणी केली. सोनं नुसतं हातात घेऊन किती कसाचं आहे ते सांगतील असा माणूस. पण हिऱ्यातलं त्यांना काही कळत नाही हे ते स्वतःच पहिल्या दिवशी बोलले, आणि मला वाटतं त्या एका प्रामाणिक वाक्यामुळंच पुढचं सगळं नीट झालं.

अडचण काय होती

पहिली अडचण शब्दाचीच. मावशीला कळेना की सोनं १८ कॅरेटचं घेतोय मग हिरा अर्ध्याच कॅरेटचा का. आपल्याकडं दोन्हीला कॅरेटच म्हणतात पण सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, २४ भागांपैकी १८ भाग सोनं, आणि हिऱ्याचं कॅरेट म्हणजे नुसतं वजन, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दुकानात त्याचे १०० सेंट करतात, म्हणून ५० सेंटचा म्हणजे अर्ध्या कॅरेटचा. हे एकदा मावशीला कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तिचा घोर गेला. आणि सोनं २२ का नाही, तर २२ कॅरेटचं मऊ असतं, त्यात बारीक काट्यांवर हिरा घट्ट धरून राहत नाही, म्हणून हिऱ्याला १८ किंवा १४ चालतं.

दुसरी अडचण धाकट्याच्या डोक्यात बसलेला आकडा. अर्धा कॅरेट. मित्राच्या अंगठीत अर्ध्या कॅरेटचा होता म्हणून आपलाही अर्धाच पाहिजे, खाली नको. हा आकडा कुठून आला, त्यानं काय फरक पडतो, हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही पहिले चार दिवस विचारलं नाही.

तिसरी अडचण, हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो. सोन्याचा भाव सकाळी मोबाइलवर बघायचा, वजनानं गुणायचं, घडणावळ धरायची, झालं. पण एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो आणि दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात, मग घेणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

पहिलं दुकान आणि तिथली चूक होता होता राहिलेली

पहिल्यांदा गेलो एका मोठ्या शोरूममध्ये. एसी, सरबत, सगळं अगदी अदबीनं. धाकट्यानं सरळ सांगितलं अर्ध्या कॅरेटचा दाखवा. त्यांनी दाखवला, बरोबर ५० सेंट, कलर एफ, क्लॅरिटी म्हणजे आतली स्वच्छता व्हीव्हीएस२, सर्टिफिकेट जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं. हिऱ्याचे १ लाख ८ हजार, सोनं ३.२ ग्रॅम त्याचे साधारण २३ हजार, घडणावळ ४ हजार, वर ३ टक्के जीएसटी, एकूण १ लाख ३९ हजार ५०. बजेटच्या चौदा हजार वर. धाकटा हप्त्यावर घ्यायला तयार झाला होता. ट्रेमध्ये काळ्या मखमलीवर, वरून दहा-बारा स्पॉटलाइट, तो हिरा असा काही पेटत होता की मलाही वाटलं घ्यावा.

तेवढ्यात मामांनी विचारलं, जरा बाहेर उजेडात बघू का? सेल्समन म्हणाला सर, नियमात बसत नाही. मामा काही बोलले नाहीत, बाहेर आल्यावर म्हणाले, "सोनं आम्ही कधी दिव्याखाली बघत नाही गं पोरी. जे उन्हात बघू देत नाहीत ते घ्यायचं नाही."

आता त्या दुकानानं काही फसवणूक केली असं मी म्हणत नाही, सर्टिफिकेट खरं होतं, दुकानाला सुरक्षेचे नियम असतात. पण मी त्या सर्टिफिकेटचा फोटो काढून आणला होता आणि रात्री बसून ओळ न् ओळ वाचली. कलर चांगला, क्लॅरिटी चांगली, आणि खाली कटच्या पुढं लिहिलेलं, गुड. आम्हाला वाटलं गुड म्हणजे चांगलं. पण जीआयएची उतरंड अशी आहे: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. म्हणजे गुड हे वरून तिसरं, पाचात मधलं. शाळेत आपण ज्याला बरा आहे म्हणतो ते.

कट म्हणजे आकार नाही, गोल का चौकोनी ते वेगळं. कट म्हणजे पैलू किती अचूक कोनात पाडलेत ते. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वरच आला पाहिजे, कोन चुकला की तो बाजूनं नाहीतर तळातून निघून जातो आणि हिरा मधे काळपट किंवा मेलेला दिसतो. बेल्जियममधल्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये याचं गणित मांडलं, आजचे एक्सलंट कट थोड्याफार फरकानं त्याच वाटेनं जातात. चारही गोष्टींत, म्हणजे वजन, रंग, क्लॅरिटी आणि कट यात, पूर्णपणे माणसाच्या हातात असलेली एकच आणि ती म्हणजे कट, बाकीचं मुख्यतः जमिनीतून येतं.

आणि ज्या ओळीनं धाकट्याचा हट्ट सुटला ती ओळ म्हणजे मापाची. त्या ५० सेंटच्या हिऱ्याचा व्यास होता ४.९६ मिलिमीटर आणि खोली व्यासाच्या ६५.४ टक्के, आणि कंबर, म्हणजे हिऱ्याची सगळ्यात रुंद कड, ती पण जाड. हे वजन वरून दिसत नव्हतं, ते पोटात आणि कंबरेत साठवलेलं होतं. चांगल्या कटचा अर्धा कॅरेट साधारण ५.१ मिलिमीटरचा भरतो. घडवणाऱ्याला माहीत असतं की ४९ सेंट आणि ५० सेंट यांच्या भावात पायरी असते, ५० ला पोचलं की दर कॅरेटी भावच वर जातो, तसंच ७० ला, ९० ला, १ कॅरेटला. म्हणून काही वेळा कोन बिघडला तरी चालेल पण वजन ५० च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं केलं जातं. म्हणजे धाकटा जास्त पैसे देणार होता ते आकड्याचे, आणि तो आकडा तिच्या बोटावर दिसणार पण नव्हता.

हे मी त्याला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं तर तो पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला ताई, मग पन्नासच्या खालचा बघूया का.

समोर काय काय पर्याय होते

एक म्हणजे तोच, हप्त्यावर. तो बाद झाला.

दुसरा, मुंबईतून सुटा हिरा मागवायचा. धाकट्याच्या कंपनीतल्या एकाच्या ओळखीचा माणूस वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या भारत डायमंड बोर्समध्ये आहे म्हणे, सुट्या हिऱ्यावर जीएसटी पण दीड टक्का, दागिन्यासारखा ३ नाही. किंमत ऐकून मोह झाला होता. पण तो माणूस पक्क्या बिलाबद्दल टाळाटाळ करत होता, आवडला नाही तर परत घेणार का विचारलं तर बघू म्हणाला. बिल नाही तिथं सवलत नसते, ती जोखमीची किंमत असते, हे मी रोज ऑफिसात बघते. नको म्हणलं.

तिसरा पर्याय लॅबमध्ये तयार केलेला हिरा, आणि यावर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली, चार दिवस. १.०१ कॅरेट, कलर एफ, व्हीएस१, आयजीआय या दुसऱ्या तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट, अंगठी सगळी धरून ६६ हजार ४३५. दुप्पट वजन, निम्मे पैसे. हा खोटा हिरा नाही हे पहिलं लक्षात घ्या, अमेरिकन डायमंड म्हणतात तो वेगळा, तो झिर्कोनिया. लॅबचा हिरा म्हणजे कार्बनच, तोच कठीणपणा, तीच चमक, फक्त जमिनीत घडायच्या ऐवजी मशिनमध्ये घडलेला, सीव्हीडी नाहीतर एचपीएचटी पद्धतीनं. सुरतेला आता नैसर्गिक हिऱ्यांबरोबर हे पण मोठ्या प्रमाणावर घडतात. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेत जिल बायडन यांना भेट दिला तो ७.५ कॅरेटचा हिराही लॅबमधलाच होता, ही बातमी मुलीच्या वडिलांनीच आम्हाला सांगितली.

चौथा, नैसर्गिकच पण ५० च्या खाली, कट एक्सलंट, बाकीच्यात थोडं खाली उतरायचं. हा पर्याय सुचला आमच्या सराफ कट्ट्यावरच्या जुन्या सराफांकडं. त्यांच्याकडं आजीपासून सोनं घेतोय, हिऱ्याचं दुकान नाही त्यांचं, पण ते म्हणाले मी चार सुटे हिरे सर्टिफिकेटसकट मागवून ठेवतो, बघा, नाही आवडले तर परत पाठवतो.

निर्णय कसे होत गेले

सराफांच्या दुकानाच्या पायरीवर, दुपारी चारच्या सावलीत, आम्ही ते चार हिरे चिमट्यात धरून बघितले. थेट उन्हात सगळेच चमकतात, सावलीत खरं दिसतं, हे सराफांनीच शिकवलं. चारांतला एक, ४६ सेंटचा, मधूनच उठून दिसत होता, सर्टिफिकेट न बघता मी, धाकटा आणि मामा, तिघांनी वेगवेगळं बोट दाखवलं ते त्याच्यावरच. मग कागद उघडला: कलर एच, क्लॅरिटी व्हीएस२, कट एक्सलंट, खोली ६१.२ टक्के, व्यास ४.९९ मिलिमीटर. म्हणजे ५० सेंटच्या त्या हिऱ्यापेक्षा ४ सेंट हलका आणि वरून केसभर मोठा. हिऱ्याचे ७२ हजार.

आता क्लॅरिटी. व्हीव्हीएस२ आणि व्हीएस२ यातला फरक दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतो, नुसत्या डोळ्यानं दोन्ही स्वच्छच दिसतात. आमच्या हिऱ्यात भिंगातून बघितल्यावर कडेला एक बारीकसा ठिपका सापडला, मला तर सराफांनी कुठं बघायचं ते सांगूनही दोन मिनिटं लागली. धाकट्याला जरा वाईट वाटलं, डाग आहे म्हणाला. पण तोच डाग पुढं उपयोगी पडला ते सांगते.

कलर. जीआयएचा कलर डी पासून सुरू होतो, डी म्हणजे अगदी पांढरा, तिथून झेडपर्यंत पिवळसरपणा वाढत जातो. अंगठी पिवळ्या सोन्यात करायची होती, पिवळ्या सोन्यात एच काय आय काय, पांढराच दिसतो, एफ चे पैसे तिथं वाया जातात. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये करायचं असतं तर मी एवढं ठामपणे सांगितलं नसतं.

मग उरला लॅबचा की नैसर्गिक हा प्रश्न. इथं धाकट्याचं आणि माझं एकमत नव्हतं. माझं म्हणणं सरळ होतं, हौसेची वस्तू आहे, लॅबचा घे, बजेटमधले जवळजवळ साठ हजार वाचतील, लग्नाला उपयोगी पडतील. मामांनी वेगळाच प्रश्न विचारला, "आरं, सोनं आटवलं की सोनंच मिळतं. ह्याची मोड काय?" आम्ही तीन ठिकाणी विचारलं. नैसर्गिक हिऱ्यावर दुकानदार काहीतरी टक्के लिहून द्यायला तयार होते, लॅबच्या हिऱ्यावर दोघांनी सरळ सांगितलं फक्त सोन्याचे मिळतील, तिसरा म्हणाला तेव्हाच्या भावानं बघू. आणि लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत सारखे उतरतच आलेत, कारण मशिनी वाढतात तसा माल वाढतो. नैसर्गिक हिरा पण गुंतवणूक नाही हं, हे मी धाकट्याला दोनदा सांगितलं, दुकानातून बाहेर पडला की त्याची किंमत पडतेच, सोन्यासारखं धरू नकोस.

शेवटी मी म्हणलं आपण तिघं भांडतोय, जिच्या बोटात घालायची तिला विचारलंय का? नव्हतं विचारलं. सरप्राइज द्यायचं होतं त्याला. मी तिला फोन केला, सरप्राइज थोडं मोडलं त्याबद्दल धाकटा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, पण तिनं पाच मिनिटांत जे सांगितलं ते आम्हाला चार दिवसांत सुचलं नव्हतं. ती म्हणाली ताई, एक कॅरेटचा उंच हिरा मला नकोच, ग्लोव्ह घालताना अडकतो, फाटतो, आमच्यातल्या एकीचा दिवसाला दोन ग्लोव्ह्ज फाटतात अंगठीनं. मला रोज घालता येईल अशी बसकी पाहिजे, नाहीतर कपाटातच राहील. लॅबचा का खाणीतला, याबद्दल तिला काहीच आग्रह नव्हता. तिच्या आईला होता, त्यांना नैसर्गिकच हवा होता, आणि त्यांच्या घरात हिरा लाभतो का नाही हेही बघतात, तर त्यांनी सुटा हिरा चार दिवस देवघरात ठेवायला मागितला. सराफांनी पूर्ण पैसे जमा करून घेऊन, पावती देऊन तो दिला. मला यात विश्वास आहे का नाही हा प्रश्नच नाही, समोरच्या घरचं मन निश्चिंत होत असेल तर चार दिवस थांबण्यात काही जात नव्हतं.

एक कॅरेटच नको म्हणल्यावर लॅबच्या हिऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा आमच्यापुरता संपला. ४६ सेंटचा नैसर्गिक ठरला. तिला मोठा हिरा आवडला असता तर मी आजही लॅबचाच घ्या म्हणलं असतं, फक्त तो लॅबचा म्हणून, लॅबच्या भावात, बिलावर तसं लिहून.

काय केलं

ग्लोव्ह्जमुळं काट्यांचं कोंदण बाद. हिऱ्याच्या भोवती सोन्याची पट्टी येते तसं बसकं बंद कोंदण ठरलं. आणि इथं एक गोष्ट अशी आहे जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. या हिऱ्याच्या कंबरेवर सर्टिफिकेटचा नंबर लेझरनं कोरलेला होता, आणि बंद कोंदणात ती कंबरच झाकली जाते! म्हणजे नंबर बघायचा तर हिरा सुटा असतानाच. दहापट भिंगातून आम्ही तो नंबर वाचला, कागदावरच्याशी जुळवला, जीआयएच्या साइटवर नंबर टाकून तेच माप, तोच कलर येतोय का बघितलं. दुकानात पेनासारखं यंत्र लावून बीप वाजवून दाखवतात त्यावर भागवू नका, त्या यंत्राला लॅबचा हिरा पण हिराच वाटतो, आणि मॉइसनाइट नावाचा दुसराच खडा सुद्धा काही वेळा त्यात पास होतो.

मग हिरा कारागिराकडं जाणार. परत येईल तो हाच कशावरून? सराफांवर विश्वास होता पण कारागीर आम्ही पाहिलेला नव्हता. तेव्हा तो कडेचा ठिपका कामाला आला. छोट्या हिऱ्यांच्या जीआयए रिपोर्टवर आतल्या खुणांचा नकाशा नसतो, नुसती नावं लिहिलेली असतात, म्हणून धाकट्यानं स्वतः वहीत गोल काढून ठिपका कुठं आहे ते मांडलं, भिंगाला मोबाइल लावून फोटो काढला. अंगठी तयार होऊन आली तेव्हा भिंगातून पहिल्यांदा तो ठिपका शोधला. होता.

आणि मामांनी त्यांच्या पद्धतीनं केलं ते बघून मला फार बरं वाटलं. अंगठी त्यांनी काट्यावर ठेवली, ग्रॉस ३.२९२ ग्रॅम. बिलावर सोनं नेट ३.२००. वजाबाकी ०.०९२ ग्रॅम, म्हणजे ९२ मिलिग्रॅम, भागिले २००, बरोबर ०.४६ कॅरेट. ज्या माणसाला हिऱ्यातलं काही कळत नाही त्यानं वजनकाट्यावरून हिरा बरोबर आहे ते काढलं, आणि हिऱ्याचं वजन सोन्यात धरून त्याचे पैसे लावलेले नाहीत हे पण त्यातच सिद्ध झालं.

हॉलमार्क बघितला, बीआयएसचं चिन्ह, १८ के ७५०, आणि सहा अक्षरी एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासला. पण हॉलमार्क फक्त सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही, हिऱ्याची साक्ष सर्टिफिकेटच देतं, दोन्ही वेगळे कागद आहेत.

बिल असं झालं: हिरा ७२ हजार, सोनं २३ हजार, घडणावळ साडेतीन हजार, ३ टक्के जीएसटी २ हजार ९५५, एकूण १ लाख १ हजार ४५५. हिऱ्याची ओळ बिलावर वेगळी, सर्टिफिकेट नंबरासकट, आणि परत घेण्याच्या अटी दुकानाच्या शिक्क्यावर हातानं लिहून घेतल्या. बजेटमधले तेवीस हजार उरले, ते धाकट्यानं बाईकच्या कर्जात भरले.

पुढं काय झालं

साखरपुड्याला अंगठी छान दिसली. कुणी किती कॅरेट विचारलं नाही, एका काकूंनी एवढंच विचारलं की एवढी कशी चमकते. मुलगी साखरपुड्याच्या तिसऱ्या दिवसापासून ती घालून कामावर जाते, ग्लोव्ह अजून एकदाही अडकलेला नाही.

लग्न डिसेंबरमध्ये झालं. हळदीच्या दिवशी तिनं अंगठी काढलीच नाही, आणि सांगलीची हळद, काय रंग उतरतो सांगायला नको, तेल आणि हळद हिऱ्याच्या कडेनं आत गेली आणि हिरा एकदम मळकट पिवळा दिसायला लागला. सासूबाई घाबरल्या. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, त्यानंच चमक जाते, हिरा खराब होत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, अंगठी पंधरा मिनिटं बुडवून मऊ ब्रशनं खालून घासली, परत पहिल्यासारखी. फक्त बेसिनच्या तोंडाशी बसून हे करू नका, वाटीत करा.

परत करायचं झालं तर

तिला पहिल्याच दिवशी विचारलं असतं. अंगठी हातात द्यायची वेळ सरप्राइज ठेवता येते, पण कोंदण कसं आणि रोज घालणार का हे दोन प्रश्न आडून आडून का होईना आधी विचारायला पाहिजेत, आमचे अठरातले सात दिवस त्याशिवायच्या चर्चेत गेले.

बंद कोंदणाच्या ऐवजी अर्धं बंद केलं असतं, दोन बाजूंनी पट्टी आणि दोन बाजू उघड्या, आणि नंबर उघड्या बाजूला येईल असा हिरा बसवायला सांगितला असता. ग्लोव्ह त्यातही अडकत नाही. आता कधी बदलायला गेलो तर नंबर दाखवायला हिरा काढावा लागणार, त्याचा खर्च आणि त्रास आहेच.

बोटाचं माप आम्ही मे महिन्यात संध्याकाळी घेतलं, उकाड्यानं बोटं सुजलेली. डिसेंबरच्या थंडीत अंगठी सैल, लग्नात दोरा गुंडाळून घातली आणि नंतर लहान करून घेतली. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असं दोन दिवस माप घेतलं असतं तर हे टळलं असतं.

फ्लुरोसन्सची, म्हणजे अतिनील उजेडात हिरा किती चकाकतो त्याची ओळ मी सर्टिफिकेटवर वाचलीच नाही, ती घेऊन आल्यावर वाचली. आमच्या नशिबानं तिथं नन, म्हणजे अजिबात नाही, असं होतं. जोरदार निळा फ्लुरोसन्स असेल तर तसा हिरा बऱ्याचदा स्वस्त मिळतो, आणि एच-आय कलरमध्ये त्यानं बहुतेक वेळा बिघडत पण नाही, पण काही हिरे उन्हात दुधाळ दिसतात, म्हणून ती ओळ बघून मग बाहेर सावलीत आणि उन्हात दोन्हीकडं बघायला पाहिजे. किंमत कमी करून मागायला ती एक जागा होती, मी ती सोडली.

आणि कागद. मावशीच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात खालच्या कपाटातली सगळी कागदपत्रं गेली होती, तरीही सर्टिफिकेट आणि बिल पहिले दोन महिने त्याच खालच्या कपाटात पडून होतं. जुलैमध्ये आयर्विन पुलाची पातळी वाढायला लागली तेव्हा धाकट्याला आठवलं. आता मूळ कागद माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये, आणि वहीतलं ते ठिपक्याचं चित्र माझ्याकडं आहे.